विहिरीच्या तळाची हवा

“हॅलो?… हो, उरणचा दवाखाना. कोण बोलतंय?… जरा मोठ्याने बोला.”

जहुराबाईंनी मोकळ्या हाताने दुसरा कान दाबून धरला. एकसष्ट सालचा मे महिना, भर दुपार. डॉक्टर सकाळीच जीप घेऊन डोंगराकडच्या एका गावी अडलेल्या बाळंतिणीला बघायला गेले होते. दवाखान्यात नर्स म्हणून त्या एकट्याच होत्या.

“डॉक्टर नाहीत, संध्याकाळी येतील. मी नर्स बोलतेय. काय झालंय?… विहिरीत? पडले की उतरले?… गाळ काढायला. बरं. तुझं नाव काय?… बाळाजी. खाली कोण आहे, बाळाजी?”

पलीकडून एकच शब्द आला.

“वडील.”

फोन खाडीपलीकडच्या मिठागराच्या ऑफिसातून होता. रस्त्याने नऊ मैल. ओहोटी लागलेली, म्हणजे होडीही तीन तास सुटायची नाही. पावसाआधी पिण्याच्या पाण्याची विहीर साफ करायला बाळाजीचे वडील अंबाजी दोर न बांधताच खोबणीत पाय देत उतरले होते.

“पाणी किती आहे?… नुसता चिखल. तोंड चिखलात आहे का?… भिंतीला टेकून बसलेत. हाकेला ओ देत नाहीत… त्यांच्यामागून कोण उतरलं?… रावजी. दोर बांधून ना?… मग?… वर ओढला. ओकतोय. डोकं फुटतंय म्हणतो… त्याला सावलीत निजवा… नाही. नाही, बाळाजी. तू उतरायचं नाहीस.”

पलीकडचा आवाज चढला. जहुराबाईंनी आपला चढवला नाही.

“श्वास धरून? किती वेळ धरशील?… खाडीत बुडी मारतोस, कबूल. पण तिथे माणूस खांद्यावर घेऊन भिंत चढावी लागत नाही. अंगाला काम पडलं की रक्तात कर्बवायू साठतो. तो साठला की मेंदू तुला विचारत नाही, छातीला हुकूमच सोडतो. तोंड उघडावंच लागतं. आणि तिथे उघडलंस तर आत काय जाईल?… हां. तीच खालची हवा. तुझ्यामागे कोण ओरडतंय?… केसर, बायको. मग तिने कोणाकोणाला बाहेर काढायचं?”

केसर ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून विहिरीवरच्यांना निरोप ओरडून सांगत होती. या पोराने रिसीव्हर टाकला की संपलं, हे जहुराबाईंना कळत होतं. त्याला काम द्यायला हवं होतं.

“ऐक. पडलेली घागर काढायचा गळ असेल ना तिथे?… ऑफिसातच आहे. तो दोराला बांधायला सांग. वडिलांच्या कंबरेला काय आहे?… कोयता अडकवायच्या आकडीची दोरी. घट्ट आहे?… मग त्या दोरीत गळ अडकवा. आणि कोणाकडे छत्री आहे?… हो, छत्री. उघडायची, दोराला बांधायची, खाली सोडायची, वर ओढायची. थांबायचं नाही. कर्बवायू हवेपेक्षा जड. आज वारा नाही, तळाशी पाण्यासारखा साचून राहिलाय. तो हलला पाहिजे, वरची चांगली हवा खाली गेली पाहिजे… सांगितलंस?… काय म्हणते केसर?… घोरल्यासारखा आवाज येतोय? चांगलं आहे. घोरतायत म्हणजे थोडी हवा अजून आत जातेय.”

मध्येच खट् झालं आणि तिसराच आवाज आला.

“कोण?… एक्स्चेंज? भाऊ, तीन मिनिटं झाली, माहीत आहे मला. लाईन तोडू नका. तिकडे माणूस मरतोय… नियम असेल. साहेबांना माझं नाव सांगा, जहुरा नर्स… बरं, बोलणं चालू आहे तोवर तोडणार नाही ना? चालूच आहे. बाळाजी?… सुटला? गळ सुटला? पुन्हा टाका… अंगाला लागला तर लागू दे. जखम शिवता येते.”

पलीकडे चार-पाच जण एकदम ओरडत होते. त्यातलं काही कळत नव्हतं.

“आले वर? जमिनीवर घेतलं?… छाती हलते का, बघायला सांग… नीट बघायला सांग… नाही हलत. ओठ?… निळे.

“आता मी सांगते ते एकदाच ऐक आणि पळ. उताणं झोपवायचं. बोटाला फडकं गुंडाळून तोंडातला चिखल काढायचा. कपाळ मागे रेटायचं, हनुवटी वर उचलायची, नाहीतर जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद होते. नाक चिमटीत धरायचं. आपलं तोंड त्यांच्या तोंडावर घट्ट बसवून फुंकायचं, छाती वर येईपर्यंत. सोडायचं, छाती खाली जाऊ द्यायची. एक ते पाच मोजून पुन्हा… हो, तोंडाला तोंड लावून. लाज कसली, बाप आहे तुझा… नाही, आपली सोडलेली हवा वाया गेलेली नसते. शंभरात एकवीस भाग प्राणवायू आत घेतो, सोळा भाग तसाच बाहेर टाकतो. ते सोळा त्यांना पुरतील. रिसीव्हर टेबलावर ठेव, जाग्यावर ठेवू नकोस. जा.”

हे त्यांनी स्वतः एकदाच पाहिलं होतं, मागच्या वर्षी पनवेलच्या शिबिरात, कापडी बाहुलीवर.

रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मग लांबून रडणं, एक कावळा, कोणाचं तरी मोजणं.

“बोलणं चालू आहे, भाऊ… आहे ना. मी बोलतेय की.”

पण बोलायचं काय? समोर कोणी नव्हतं, आणि गप्प राहिलं तर लाईन जाणार. दर शनिवारी जहुराबाई शाळेत आरोग्याचा तास घ्यायच्या. तोच ओठांवर आला.

“तर मुलांनो… हवा नाकातून आत जाते. नाकातल्या केसांत धूळ अडकते. आत ओलावा असतो, त्याने हवा दमट होते, ऊबदार होते. मग घसा. मग श्वासनलिका. तिला कूर्चेच्या, म्हणजे लवचीक हाडासारख्या, कड्या असतात, म्हणून ती मिटत नाही. छातीत तिला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुफ्फुसाला, एक डाव्या… बाळाजी, मोजतोयस ना… फाट्याला फाटे, झाडासारखे, बारीक, आणखी बारीक. प्रत्येकाच्या टोकाला हवेच्या पिशव्यांचा घोस. अशा कोट्यवधी पिशव्या… चालू आहे, भाऊ… फुफ्फुसाला स्वतःचा स्नायू नाही. ते स्वतःहून फुगत नाही. छातीखाली एक पडदा आहे. तो खाली ओढला जातो, बरगड्या वर उचलल्या जातात, आत जागा होते, आणि हवा आपली आपण आत शिरते. पडदा सैल पडला की बाहेर. झोपेतसुद्धा. आपण सांगितलं नाही तरीसुद्धा…”

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“…पिशवीची भिंत फार पातळ. तिच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्त. रक्त कर्बवायू देतं आणि प्राणवायू घेतं. काळपट येतं आणि लाल होऊन…”

पावलं वाजली. कोणीतरी धापा टाकत रिसीव्हर उचलला.

“बाळाजी?… बोल… कोण, केसर? काय झालं गं?… श्वास घेतला? आपोआप? तो फुंकायचा थांबला तरी?… पुन्हा घेतला?… तू इथेच थांब, मला सांगत राहा… हो, हो… अगं ऐक ना, ओठ कसे दिसतायत?… निळे नाहीत. नखं?… आता त्यांना कुशीवर वळवा, ओकारी आली तर घशात जायला नको. पाणी नाही पाजायचं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत. एकटं सोडायचं नाही, श्वास मंद झाला तर पुन्हा फुंकायला सांग… डोळे उघडले? काय म्हणतात?… शिव्या देतायत. देऊ देत. रावजीचं डोकं?… बरं. भरती आली की दोघांनाही होडीत घाला आणि इकडे आणा. आणि त्या विहिरीवर फळ्या टाका, आज कोणी वाकून बघायचंसुद्धा नाही… बाळाजी कुठाय?… जमिनीवर बसलाय. रडतोय. असू दे, रडू दे त्याला. ठेव आता तू.”

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. जहुराबाई ठेवणार तोच लाईनवर कोणी खाकरलं.

“हॅलो?… हो भाऊ, झालं आमचं… वाचला… नाही हो, माझे कोणी नाहीत. नावही आजच ऐकलं… तुम्ही सगळं ऐकत होतात?… मग?… रक्त लाल होऊन कुठे?”

त्या पहिल्यांदाच खुर्चीवर टेकल्या.

“लाल होऊन हृदयाकडे जातं, भाऊ. डाव्या बाजूला. तिथून सगळ्या अंगाला, मेंदूला… काय?… दुसरा कॉल आलाय? घ्या, घ्या. त्यांनाही घाई असेल.”

खट् झालं, आणि लाईन गेली.