परक्या ओटीतली पोर

हॅलो?... हां, मरियाताई!... अहो, आराधनाचाच फोन हाय, मी उचललाय. मी विजयमाला, तिची घरमालकीन... तुमची लेक बरी हाय हो, ठनठनीत हाय. उगं जीवाला घोर लावू नका...

व्हय, बॅग भरली ते खरंय. कोपरगावला येते म्हनाली ना सकाळी?... अहो, ऐका तर!

आमच्या सुनंला, रुपालीला, पोरगी झाली, ठाऊक हाय तुमाला. आज बारसं. पन त्याच्या आधी आमच्यात एक रीत हाय... सांगते ना. रुपालीची आधीची दोन लेकरं हाती लागली न्हाईत. तसं झालं की पुढचं सुपात घालायचं, परक्या घरच्या बाईच्या ओटीत टाकायचं, आन् आईनं ओंजळभर बाजरी देऊन इकत घ्यायचं. बाळ आमचं न्हाईच, असं दाखवायचं... कुनाला? आता ते मी काय सांगू, बाई! ज्यानं आधीची दोन नेली त्याला.

न्हाई न्हाई... पूजा न्हाई, अंगारा न्हाई. तुमच्या धर्माला काय बी बाधत न्हाई. नुसतं घ्यायचं न् माघारी द्यायचं...

तर रुपाली म्हनाली, आराधनाताईच्याच ओटीत टाकीन. झालं! आमच्या ननंदबाई, दगडाबाई, अशा फनकारल्या! "जिचं सातव्या महिन्यात गेलं, तिची ओटी? सावली बी नको तिची!"... व्हय हो. तोंडावर न्हाई, पन खोली पलीकडंच ना तिची. ऐकलं पोरीनं.

रडू नका, मरियाताई... माझा बी जीव तुटला. जाऊन बगते तर ही साड्या भरतीय. मला म्हनती, "काकू, खरंच माझ्यामुळं बाळाला काय झालं तर?" शाळंत विज्ञान शिकवती आन् तिला बी भ्या वाटलं! एकदा गेलेलं असलं की वाटतंच हो...

मी? मी कसली समजावते!

रुपालीच उठली. ओली बाळंतीन, डोक्याला फडकं बांधलेलं, सूप घेऊन थेट त्या खोलीत. म्हनली, "आत्याबाई, माझी दोन गेली तवा माझ्या सावलीला कोन भ्यालं न्हाई. मग हिच्या का?" आन् टाकलं की पोरीला ओटीत!... दगडाबाई? बसल्यात तोंड फुगवून. चा मातर दोनदा प्याल्या.

हळू बोलते हां... आराधना दारातनं दिसतीय मला. बसलीय खाटंवर. पोरीनं पदरावर दूध ओकलंय, तरी पुसत न्हाई. हालत सुदिक न्हाई...

व्हय, द्यायची ना माघारी. रुपालीनं ओंजळ भरली बी हुती... अगं रुपाली, थांब जरा, आले!... हां, बोला मरियाताई...

ती बाजरी मीच घेतली काढून. म्हनलं, खडे हायेत, निवडायला पायजेत... कुठले खडे, बाई! घरच्या रानातली हाय, कालच साफ केलेली. पन परात घेऊन बसलीय मी दारात.

काय?... जावईबापू सुप्याहून निघालेत तिला न्यायला? येऊ द्या की! जेवून जातील. पन बॅगेला हात लावायचा न्हाई म्हनावं...

पोरीला भूक लागली तर रुपाली जाईल आत, तिथंच बसून पाजील... हुईल की हो बारसं. नाव काय पळून चाललंय?

अहो, तुमी रडताय का हसताय?... मला बी काय कळंना. दाना सुदिक दिसंना झालाय... ठेवते हां. आजून निम्मी परात निवडायची हाय.