बोबोच्या दारावरचे कंदील

— नाही, नाही, शिक्का त्याच्याकडे नाहीच, माझ्याकडे आहे. बुनहियंगनं काल तुम्हाला हॉटेलात नेलं, रश्श्यातला हंस खाऊ घातला, "करार झालाच समजा" म्हणाला — समजा! समजायला काय जातंय, माझा नवरा रोज बरंच काही समजत असतो. पाटीवर नाव त्याचं, मोठी खुर्ची त्याची, पण कारखान्याचा लाल शिक्का माझ्या कमरेच्या पिशवीत. तुमच्या शांघायमध्ये सह्या चालत असतील, नीबाई, इथे चेंगहाईत सहीला कुणी विचारत नाही. शिक्का उमटला तर करार, नाहीतर तो कागद मासे बांधायला. बसा. उभ्याने काय बोलायचं? चहा घ्या. फुंकर नका मारू, गरमच प्यायचा असतो — पेला एवढासाच आहे, भाजलं तरी किती भाजणार!

तर ही तुमची बोबो. निळी मांजर. बरं. काय करते ती? — हसते. आणखी? — नुसती हसते! म्हणजे आम्ही खेळण्यातले प्लास्टिकचे ठोकळे ओतायचे, साचे आम्ही घासायचे, मशीनच्या धगीत आमची माणसं उभी राहणार, आणि डब्यावर ही बया हसणार, त्या हसण्याचे पैसे तुमच्या कंपनीला. नाही, तसं नाही कसं? तसंच आहे. तुम्ही 'परवाना' म्हणता, मी भाडं म्हणते. दुसऱ्याच्या पोरीचं तोंड भाड्यानं आणायचं आणि आपल्या मालावर चिकटवायचं. आणि तोंड तरी कसलं हो? मिशा चारच. मांजरीला चार मिशा? आमच्या गोदामातली मांजर बघा जरा जाताना.

शिकलो आहोत आम्ही, नाही असं नाही. ह्याआधी विमान चालवणारा मासा घेतला होता. तुमच्यासारखाच एक गोड बोलणारा आला होता — सिनेमा येतोय, पोरं वेडी होणार, आत्ता घेतला नाहीत तर शेजारचा घेईल. शेजारचा घेईल म्हटलं की बुनहियंगला घाम फुटतो, हे तुम्हा लोकांना कोण सांगतं कोण जाणे! घेतला. प्रत्येक खवल्याचा रंग त्यांना दाखवायचा, ते म्हणणार जरा गडद, मग म्हणणार जरा फिका, आमचे साचे गंजायला आले. शेवटी सिनेमा आला. पोरांनी आत झोपा काढल्या. एक आठवडा राहिला आणि गेला, आणि माशाची डोकी राहिली आमच्याकडे. अजून आहेत. मी कुंड्यांत खडीऐवजी घालते. झाडं बरी वाढतात, पण सकाळी पाणी घालायला गेलं की सगळे डोळे वर करून बघतात.

काय? — नव्या कल्पना? ऐकल्या मी, बुनहियंगनं सगळ्या सांगितल्या. पोरींना गुलाबी. पोरांना काळं. डबा फोडेपर्यंत आत काय ते कळायचं नाही — म्हणजे पोरगं एकच मांजर चार वेळा घेणार आणि रडणार, आणि त्या रडण्याला तुम्ही खप म्हणणार. वासाचे ठोकळे! ठोकळ्याला वास कशाला? नाकाने जोडायचे आहेत?

बरं, ते सोडा. हसू नका, मी विनोद करत नाहीये. मुद्द्याचं बोलते. तुमचा तो नमुना — 'बोबोचं नववर्षाचं घर'. तुम्ही स्वतः पाहिलंत ते? नीट? दाराच्या दोन बाजूंना काय टांगलंय? कंदील. कसले? पांढरे. आणि पांढऱ्यावर अक्षरं निळी. पोरी, तू कुठे वाढलीस गं? तुझ्या आजीच्या दारात नववर्षाला पांढरा कंदील लागायचा? आमच्याकडे लाल कंदील लागला तर घरात लग्न, सण, बाळ. पांढऱ्यावर निळी अक्षरं लागली की शेजारीपाजारी पायातलं वाजणारं काढून येतात, आवाज खाली करतात, आणि विचारतात, कधी गेले? सणाच्या तोंडावर असलं मयताचं घर मी पोराबाळांच्या हातात देऊ? रंगीत खोक्यात घालून? वर मांजर हसतेय!

हो, सांगितलं होतं आम्ही. फोनवर सांगितलं, लेखी कळवलं. तुमच्या मोठ्या कचेरीचं उत्तर काय? रंगांच्या तक्त्यात लाल बसत नाही. बोबो निळी, बोबोचं जग निळं-पांढरं. लाल केलं तर परवाना रद्द. अगं, ठोकळ्यांचं खेळणं आहे ते! काढायचं, लावायचं, पोराला वाटेल ते करायचं, तेवढ्यासाठीच तर त्याचा जन्म. आणि तुम्ही म्हणणार, दोन ठोकळे बदलायला बंदी. मग दगडाची मांजर विका ना, आमच्याकडे कशाला येता?

— बाहेरगावी विकू म्हणता? तिथे कुणाला कळणार नाही? बँकॉकला आमची माणसं, सिंगापूरला आमची माणसं, पेनांगला आमच्या सासूबाईंची सख्खी बहीण. कुठे विकणार आहात, चंद्रावर?

आणि... नाही, जाऊ दे. तुम्हाला काय त्याचं. घ्या, दुसरा पेला घ्या. — बरं, सांगते, म्हणजे पुन्हा "दोनच तर कंदील" असं तोंडातून काढणार नाही. तो नमुना बुनहियंगनं आणून ठेवला जेवायच्या टेबलावर. अक्कल! सकाळी सासूबाई काठी टेकत खाली आल्या. उभ्या राहून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी चुलीपाशी, पेज ढवळत होते. मला म्हणाल्या, "छान केलंय. माझ्यासाठी तयार ठेवलंत होय." मी म्हटलं, अहो खेळणं आहे ते, मांजरीचं. त्या म्हणाल्या, "हो हो, कळलं." आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी हातातलं जेडचं कांकण भाचीला दिलं. मग जायच्या वेळी नेसवायचे म्हणून शिवून ठेवलेले कपडे काढून उन्हात घातले. आणि पेज बंद. वाटी पुढे केली की म्हणणार, आता कशाला वाया घालवता. डॉक्टर आला, म्हणाला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही ते मलाही दिसतंय की! झालंय एवढंच की मुलानं आपल्या हातानं दारात कंदील आणून ठेवला.

मला काय म्हणा! माझं बरंच होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या बाईनं मला सुखाने पेज शिजवू दिली नाही — पाणी जास्त, मीठ कमी, खारवलेला पाला जाड चिरला. गावातल्याच शाळेत मी चार बुकं शिकले, तेही काढायच्या, "हिशेब येतो पण चव येत नाही" म्हणायच्या, पाहुण्यांसमोर! तेव्हा घर कसं गप्प झालं. भांडायला कुणी नाही. मजा होती नुसती.

तर मी काय केलं, ते कंदील उपटले. हो, उपटले, तुमचा परवाना गेला खड्ड्यात. लाल ठोकळे लावले आणि नेऊन दाखवलं, बघा, झालं लाल, उठा आता. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या — पडल्या पडल्या, बरं का — "हे काय घर? घराला उंबरा नाही?" मी म्हटलं, मांजरीला कशाला उंबरा? "आमच्या माहेरी उंबरा गुडघ्याएवढा होता. आणि अंगणात आकाश यायचं. ह्याला तर वरून झाकणच." झाकण म्हणाल्या! मला आला राग. खाली आले, गोदामातून राखाडी ठोकळ्यांची पाटी उचलून नेली, त्यांच्या पलंगावर ओतली. म्हटलं, दाखवा तुमचं माहेर. बसल्या उठून.

तेच ते माहेर. खिडकीपाशी, फळीवर. आज खाली आणलंय, वर खोली झाडायची होती. — जवळून बघा, बघायला कुणाची ना नाही. हा उंबरा. हे अंगण, वर उघडं, पाऊस सरळ आत. ही पूर्वजांची खोली, ही आजोबांची, ही डुकरांची, त्यावरून मोठं भांडण झालं, माझ्या मते डुकरं मागे, त्या म्हणाल्या, तू होतीस का तिथे? छपराची ही वळलेली शेपटी जमायला साचा नव्हता, मी केळ्याच्या आकाराचे ठोकळे उलटे लावले, पिवळे, रंग दिला. कशी दिसते? दिसते ना? मांजर नाही, सिनेमा नाही, भाडं नाही. ह्याला म्हणतात माल! असली घरं आता उरली किती, सगळी पाडून उंच इमारती झाल्या. कुठल्याही म्हाताऱ्याला दाखवा, तो नातवाला घेऊन देईल आणि नातवाला हात लावू देणार नाही.

काय? — खरंच म्हणता? मांजरीशिवाय? तुमची कंपनी घेईल हे? बघा! मी बुनहियंगला हेच म्हणत होते, तर मला म्हणतो, तू वेडी झालीस. आमचं नाव डब्यावर राहील? आमचंच? आणि कंदील लाल. हो म्हणा आधी. — म्हटलंत. बरं. मग बोलू या. बोलू या की, शिक्का इथेच आहे, काय लांब नाही...

कधी पुरं होईल म्हणता?

म्हणजे... नकाशा पक्का कधी? किती ठोकळे, ते कायमचं ठरवून पाहिजे. सणाआधी बाजारात पाहिजे तर ह्याच महिन्यात. हं. पाहिजेच. तुमचं बरोबर आहे.

नाही. तसं होणार नाही.

अहो, पुरं तर ते कधीच झालं! माहेर कितीसं असणार, गरिबाचं. खोल्या संपल्या, अंगण संपलं, विहीर झाली, विहिरीवरची भांडखोर शेजारीण सुद्धा झाली. मग मी मुद्दाम चुका करायला लागले. खाली आणायचं, छप्पर एका अंगाला तिरकं लावायचं, चूल भलत्या भिंतीला टेकवायची, आणि वर नेऊन समोर ठेवायचं. की त्या भडकतात! "गाढवे, चुलीचा धूर पूर्वजांच्या तोंडावर सोडतेस?" ओरडताना माणसाचं तोंड उघडं असतं, नीबाई. चमचा तेव्हाच घालायचा. ओरडता ओरडता गिळतात, आणि गिळून झालं की म्हणतात, मीठ कमी. अख्खी वाटी जाते. पक्कं करून तुमच्या हातात दिलं, डब्यावर छापलं, असंच लावायचं म्हणून आत चित्र घातलं, तर मग मी वर काय घेऊन जाऊ?

नाही. ना मांजरीला शिक्का, ना ह्याला. मशीनवर बिननावाचे सुटे ठोकळे ओतू, तोलून विकू, बुनहियंगचं मी बघून घेईन. रडू-बिडू नका इथे, मी कुठे रडतेय? चहाची वाफ आहे. उठा. तुमची गाडी चुकेल आणि मग मलाच जेवू घालावं लागेल.

— अहो! काय करताय? हात कशाला लावलात? उलटं आहे ते दार, मला माहीत आहे उलटं आहे, सरळ नका करू! सोडा. फिरवा परत. बिजागरी आतल्या बाजूला, हां, उंबऱ्यावर अडकू दे. अडकलं? ठेवा तसंच.

आता जा.