परवान्यावरचं नाव

(मुरबे. मच्छीमार सोसायटीच्या चिटणिसांची ओटी. त्यांची बायको शैला, मांडीवर तान्ही मुलगी. समोर होडीची मालकीण जमना.)

जमना : मंग इंजिन गोदीतच ठेवून आले चिटणीस?

शैला : हळू बोला काकू, आत्ता कुठे हिचा डोळा लागलाय. कस्टमवाले सोडत नाहीत. परवान्यावर होडीचं नाव 'दामू' आहे. ज्या होडीसाठी परदेशातून मागवलं, तिलाच बसवायचं, असा नियम आहे.

जमना : तिलाच बसवायचाय. दुसरी होडी आमाला हाय कुठं?

शैला : पण तिच्यावर आता 'एकवीरा' लिहिलंय. तपासणीचा माणूस बघून गेला आणि 'दामू' नावाची होडी मुरब्यात नाही, असं त्यानं कळवलं. त्यांना वाटतं, आपण इंजिन दुसऱ्याला विकणार.

जमना : तारापूरच्या वीजघराला परदेशातली येवढाली यंत्रं ट्रकवरनं जातात. त्यांना इचारतो का कोन?

शैला : विचारत असतील. पण त्यांच्याकडे उत्तरं द्यायला माणसं बसवलेली असतात. आपल्याकडे हे एकटे. आल्यापासून जेवले नाहीत. नाव बदललं तेव्हाच कळवायला हवं होतं म्हणे.

जमना : कोनाला कळवायचं? होडी आली, माजा पोर नाय आला. रोज किनाऱ्यावर गेलं का त्येचं नाव समोर. मीच बोल्ले, बदला.

शैला : आता रीतसर बदलायचं तर कागद दिल्लीला जाणार. तोवर हंगाम संपेल.

जमना : दुसरा काय करता येल?

शैला : तो माणूस उद्या परत येतोय. हे म्हणाले, जमनाकाकूंना तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

जमना : काय सांगायचं?

शैला : होडीवर पुन्हा जुनं नाव लिहायचं. नको असेल तर राहू द्या. मी सांगते यांना. मला तर हिला शिंक आली तरी धस्स होतं, मी कोणत्या तोंडानं तुम्हाला म्हणू?

जमना : इंजिन त्येनंच मागितला व्हता. वारा पडला का वल्ही मारून हात सोलायचं त्येचं. मीठ लावून बसायचा नि हसायचा.

शैला : पालघरहून रंगारी बोलावू का?

जमना : नको. लिवायला नाय लागायचं. जुनं नाव मी खरवडू दिलं नव्हतं. वरनं नुसता निळा मारलाय.

शैला : मग आमच्या गड्याला, रामाला पाठवते सकाळी घासायला.

जमना : त्येचा हात जड हाय. मी घाशीन.