मी प्रोजेक्टरवाली नाही!

...आणि चार रात्री डोळ्याला डोळा नाही, तुम्हाला सांगते, कशापायी? तर माझी सात वर्षांची मिर्तेल पांघरुणातून तोंड काढून एवढंच म्हणाली, "आई, तुझं काम खरं काम आहे ना? कारण शुक्रवारी मला ते वर्गाला सांगायचंय." झालं! ती घोरायला लागली, मी छताकडे बघत पडले!

कारण शुक्रवारी पालकही येणार, आणि सोबत कामाचं अवजार आणायचं. बाकीच्यांचं बरंय हो, एकीचा बाप अग्निशामक दलात, तो हेल्मेट आणेल. एकाच्या आईची बेकरी, ती वेलचीचा गोड पाव आणून अख्खा वर्ग जिंकेल. मी काय आणू? मी शाळेची शैक्षणिक तंत्रज्ञ! आता एस्टोनियात अशी एकेक बाई बऱ्याच शाळांत असते, पण ती करते काय, हे तिला सोडून सगळ्यांना पक्कं माहीत असतं: प्रोजेक्टर दुरुस्त करते! अहो, मी प्रोजेक्टरवाली नाही! (म्हणजे करते दुरुस्त. बंद करून चालू करते. पण ते माझं काम नाही!)

इतिहासाचे काल्यु सर जिन्यातूनच ओरडतात, "एरिका, तुझं यंत्र रुसलंय गं!" माझं यंत्र! सासूबाई फोनवर शेजारणीला सांगतात, "सूनबाई ना? ती कंप्युटरला काहीतरी करते. हो हो, पगार देतात, चक्क!" नवऱ्याला विचारलं तर, "टॅब्लेट ने आणि मोकळी हो." मोकळी हो! किती वेळा सांगायचं, आधी पोराचं नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं, मग ते कसं शिकेल ते ठरवायचं, आणि अगदी शेवटी हातात काय द्यायचं ते; कधी बटणं दाबून चालणारी रोबोमाशी, कधी व्हिडिओ, कधी नुसते खडे! शास्त्र आहे ते, त्यातली पदवी आहे माझ्याकडे! "हो गं, कळलं," म्हणतात, "पण तो प्रोजेक्टर..." मी प्रोजेक्टरवाली नाही!

आणि खरं सांगू? पोरीला तरी मी कधी नीट सांगितलं होतं? "आज काय केलंस?" विचारलं की मी म्हणायची, "मीटिंग." आईला शोभतं का हे?

तर शुक्रवार. मी पहिलीच्या चिमुकल्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला. मिर्तेल उठली... रिकाम्या हातांनी! मी दिलेला टॅब्लेट दप्तरातच! आणि ही कमरेवर हात ठेवून विचारते, "कोणाला काय जमत नाही?"

मागून ओट नावाचा मुलगा पुटपुटला, "बुटाची नाडी." दोघे-तिघे फिदीफिदी हसले. तर ही कशी वळली! "हसायचं काम नाही! अडलं तिथूनच सुरुवात करायची असते!" अहो, हे माझं वाक्य! शिक्षकांच्या बैठकीतलं, घरी आरशासमोर घोकलेलं! तिथे तर कोणी ऐकतही नाही!

मग गेली आणि ओटच्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी. "समोर बसले तर तुला उलटं दिसेल." मग लाल मार्कर घेऊन त्याच्या पांढऱ्याशुभ्र नाडीचं एक टोक रंगवूनच टाकलं, म्हणजे कुठलं कुठून जातंय ते कळावं. (ओटची आई बघत होती. मी खुर्चीत आणखी बुटकी झाले.) मग बाईंना हुकूम, "हेल्वे बाई, दप्तरातला टॅब्लेट घ्या, आमच्या खांद्यामागून व्हिडिओ काढा. तो घरी थांबवून थांबवून बघेल." एकदा सुटली, दोनदा सुटली... आणि बसली की हो गाठ! ओट बूट वर करून वर्गभर नाचला, आणि मिर्तेल म्हणाली, "हे माझ्या आईचं काम. तिचं अवजार आधी सांगता येत नाही."

माझी अख्खी पदवी, तुम्हाला सांगते, एका बुटात बसवली पोरीने! हेल्मेटवाला बाप टाळ्या वाजवत होता. मी नाक पुसलं, मान ताठ केली. हेल्वे बाईंनी टॅब्लेट खाली ठेवून विचारलं, "वा मिर्तेल! मग मोठी होऊन आईचंच काम करणार ना?"

"छे," मिर्तेल म्हणाली, "हे तर मला आत्ताच येतंय. मी काहीतरी अवघड करणार."