एकावन्नाव्या पानावरचा मासा

माझं गाव कुडाळच्या पुढे, एसटीतून उतरून आणखी चालत जायचं तिकडे. शाळा सातवीपर्यंत, पुढे शिकायचं तर नदी ओलांडायला लागायची आणि बाबा म्हणाले मुलीला नदी नको, झालं, शिक्षण संपलं. मग परबांशी लग्न झालं आणि आले ती सरळ लालबागला, चाळीत, आणि आमच्या खोलीच्या बरोबर खाली वाचनालय. आता काय सांगू तुम्हाला, मी तिथे पुस्तकांच्या ओढीने वगैरे गेले नाही हां, तसं काही लिहू नका, मी गेले पंख्यासाठी. वरती आमच्याकडे एकच पंखा, तोही सासूबाईंच्या डोक्यावर, आणि खाली वाचनालयात चार पंखे आणि माणसं तीन, त्यातलं एक झोपलेलं. कमिटीने झाडलोटीला बाई पाहिजे म्हटलं तर मी म्हटलं मी करते. सासूबाई म्हणाल्या, पुस्तकां झटकून काय भात शिजतलो? शिजला की. अजून शिजतोय. मग हळूहळू पुस्तकं लावणं, देणं-घेणं सगळं माझ्याकडेच आलं.

पुस्तकं झटकली की त्यातून काय काय पडतं ते मला विचारा. लोकांना खूण ठेवायला हाताला येईल ते चालतं. केसातला आकडा, बसचं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, ब्लाउजपीसचा तुकडा, मोरपीस, लग्नाची पत्रिका, त्या पत्रिकेतलं जोडपं आता आजी-आजोबा झालेलं. एका जाड कादंबरीतून उडदाचा पापड निघाला, अख्खा, कोपरासुद्धा तुटला नव्हता. एका गृहस्थांचं आधारकार्ड मिळालं, त्यांनी तोवर घरात सगळ्यांशी भांडून दुसरं काढलं होतं, ते म्हणाले वहिनी हे आता तुमच्याकडेच ठेवा, घरी कळलं तर मेलो. आणि सात्त्विक आहारावरचं एक पुस्तक आहे आमच्याकडे, त्याच्यातून एक दिवस सुका बोंबील पडला. पान राखायला! मी तो बोंबील काउंटरवर ठेवला, म्हटलं ज्याचा असेल तो घेऊन जाईल, तर सगळे येऊन बघून गेले, नाकाला पदर लावून हसून गेले, पण कबूल कोण होतंय? शेवटी मांजराने नेला. बाकीचं सगळं मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. परब म्हणतात भंगार आहे. असू दे भंगार, त्यांना काय कळतंय.

पण खरी गंमत पडणाऱ्या वस्तूंत नाही, ती एकावन्नाव्या पानावर. म्हणजे कसं, आमची सगळी पुस्तकं बाइंडिंगवाल्याकडून येतात ती एकसारखी, खाकी पुठ्ठा नि लाल पाठ. मग म्हाताऱ्या माणसांना कळत नाही हे वाचलंय की नाही. घरी न्यायचं, अर्धं वाचायचं, मग लक्षात येतं अरे ही तर मागच्या वर्षी मेली होती, पुन्हा मरतेय. म्हणून ज्याने त्याने आपली खूण करायची, पेन्सिलीने, बारीक. आधी लोक कुठेही करायचे, तर जुने ग्रंथपाल ओरडले, सगळ्यांनी मिळून एकच पान घाण करा, पान एकावन्न, शुभ आकडा आहे, आणि पेनाने केलीत तर नाव कापीन. तेव्हापासून ती पद्धत. कोणाचं त्रिशूळ, कोणाचा चष्मा, एक पोलीस होते त्यांची काठी. माझी खूण बांगडी, एक गोल काढला की झालं.

आणि मासा होता कुमुदबाईंचा. ह्या कुमुदबाई म्हणजे आमच्याच चाळीत तळमजल्यावर, शाळेत चित्रकला शिकवायच्या, लग्न केलं नाही, का नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनीच मला वाचायला लावलं. मी आपली फडक्याने झटकतेय तर म्हणाल्या, अगं शालू, नुसती बाहेरून काय पुसतेस, जरा उघडून बघ की. पहिलं पुस्तक त्यांनीच काढून दिलं. मी ते वाचताना रडले, डाळ करपली, सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्या दिवसापासून मी जे वाचलंय ते कुमुदबाईंशी बोलल्याशिवाय मला पचलेलं नाही. माझी सख्खी बहीण गावाला आहे, पण खरं सांगू, बहीण ही.

तर चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. टॉवर होणार, तोवर सगळ्यांनी दुसरीकडे जायचं. आमच्या परबांनी मागच्या गल्लीतच खोली बघितली, वाचनालयाला कमिटीने शाळेतली एक खोली मिळवली, आणि कुमुदबाईंचा भाचा म्हणाला, मावशी, तू एकटी कुठे राहणार, बदलापूरला ये. बाई हो म्हणाल्या. हो म्हणाल्या आणि काउंटरवर बसून राहिल्या, पुस्तक उघडं, पान उलटत नव्हत्या. मी विचारलं, बाई, बदलापूरला वाचनालय आहे का? म्हणाल्या, असेल गं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाई गेल्या की मी कोणाशी बोलणार, परबांशी? ते अजून तो पापड तळून खाल्ला असता तर चांगलं झालं असतं ह्याच्यावर आहेत.

आता ह्यात सामंत कुठून आले ते ऐका. सामंत राहायचे हिंदमाताजवळ, कोर्टात कारकून होते, रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर शनिवारी यायचे. माणूस इतका गरीब की पुस्तक परत देतानासुद्धा माफ करा म्हणायचा. आणि छत्री बारा महिने, डिसेंबरातसुद्धा, ती काउंटरला अडकवायची आणि मग कपाटाकडे जायचं. एकदा मी पुस्तकं लावताना बघितलं, सामंत पुस्तकाचं नाव बघत नाहीत, लेखक बघत नाहीत, सरळ पान एकावन्न उघडतात. मासा नसला की ठेवून देतात, मासा असला की घेतात. मी म्हटलं असं आहे काय! मग मी त्यांची परत आलेली पुस्तकं काढून बघितली, तर प्रत्येकात माशाच्या खाली छत्री. मासा, छत्री. मासा, छत्री. आणि एका पुस्तकात तर छत्री खाली नाही, माशाच्या वर उघडलेली, म्हणजे मासा भिजू नये. अहो, मी तिथे स्टुलावर बसले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, परबांनी कधी माझ्या डोक्यावर छत्री धरलेली नाही, स्वतःच पुढे चालतात.

मी लगेच बाईंना नेऊन दाखवलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या, काहीतरीच तुझं शालू. पण कान लाल झाले, मी बघितले ना. आणि पुढच्या शनिवारी बाई वाचनालयात, मोतिया रंगाची साडी, तीसुद्धा इस्त्रीची, आणि काय तर म्हणे सहज आले. सामंत आले, त्यांनी छत्री अडकवली, बाईंना बघून माफ करा म्हणाले आणि कपाटामागे जाऊन उभे राहिले ते बाई जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. मी म्हटलं लाजतोय बिचारा.

परबांना सांगितलं तर म्हणाले, तुका काय पडलाहा? मी म्हटलं मला पडलंय, बाई हिंदमाताला राहिल्या तर चालत जाता येईल, बदलापूरला काय रोज जाणार आहे? आणि पुढच्या शनिवारी मी सामंतांना सरळच म्हटलं, हे बघा, मला पान एकावन्नचं सगळं कळलंय. त्यांच्या हातातलं पुस्तक पडलं. म्हणाले, परबवहिनी, रागावू नका. मी म्हटलं रागावतेय कशाला, चांगलीच गोष्ट आहे, आम्ही रविवारी मासेवाल्या बाईंना घेऊन तुमच्याकडे येतो. ते म्हणाले आईला विचारून सांगतो. ह्या वयात आईला विचारतोय, मी मनात म्हटलं, असा मुलगा शोधून मिळायचा नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन, म्हणाले, आई म्हणतेय याच, तिला कधीची बघायची आहे. आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ कोणीही काय लावेल?

गेलो की. मी, बाई आणि परब. कोणीतरी पुरुष माणूस बरोबर पाहिजे म्हणून परब, आणि ते आले पोहे असतील म्हणून. मी पेढे घेतलेले. बाई जिना चढताना दोनदा थांबल्या, म्हणाल्या शालू, परत जाऊ या का. मी म्हटलं चला हो. घर छान, दोन खोल्या, खिडकीशी खाट आणि खाटेवर सामंतांच्या माई, म्हणजे त्यांची आई, पंच्याऐंशीच्या घरातल्या, दाढेपर्यंत शाबूत, फक्त डोळ्यांना हा एवढा जाड चष्मा आणि वर हातात भिंग. सामंत आत पोहे परतत होते. बघण्याच्या कार्यक्रमाला मुलगाच पोहे करतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पोहे आले, मी घसा साफ केला. म्हटलं, माई, आता दोघांचंही वय झालंय, लपवायचं काय त्यात, तुमच्या मुलाने छत्री काढली, आमच्या बाईंना ती आवडली, लोक काय म्हणतील ते म्हणू देत, तुम्ही आशीर्वाद द्या. माईंनी भिंगातून आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. म्हणाल्या, ह्याने? अगं ह्याने उभ्या जन्मात वर्तमानपत्राच्या पुढे काही वाचलेलं नाही. छत्री माझी. वाचते तेव्हा समोर खुंटीला ह्याची छत्री दिसते, तीच काढते. माझा जिना बंद झाला म्हणून हा पुस्तकं आणतो, एकदा कसलं तरी भिकार पुस्तक उचलून आणलंन्, तेव्हा सांगितलं, मासा बघून आणत जा, माशाची आवड चांगली आहे.

अगो बाय माझे! मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. सामंत हातात उलथनं घेऊन उभे, म्हणाले, माफ करा, मला वाटलं वहिनींना माहीत आहे. परबांनी तेवढ्यात आणखी पोहे आहेत का विचारलं. आणि बाई, त्या मोतिया साडीत, उभ्या राहिल्या. चेहरा असा झालेला की मला बघवेना. मीच त्यांना सजवून आणलेलं, मीच त्यांचं हसं केलं, आणि आता ह्या बदलापूरला जातील त्या माझ्याशी न बोलता जातील, मला रडूच यायला लागलं. बाईंनी चप्पल पायात घातली.

तेव्हा खाटेवरून माई म्हणाल्या, जाण्याआधी एक सांग. त्या डॉक्टरिणीच्या कादंबरीत तू मासा उलटा का काढलास, पोट वर करून?

बाई दारात थांबल्या. म्हणाल्या, कारण शेवट मेलेला होता. एवढी शिकलेली बाई, आणि शेवटी एका पानात तिला नवऱ्याच्या पायाशी आणून बसवली.

माईंनी खाटेवर हात आपटला. म्हणाल्या, हेच! अगदी हेच मी ह्याला सांगत होते, हा म्हणतो आई दूध पी!

मग काय सांगू. बाईंनी एक चप्पल काढली, मग दुसरी काढली. दोघी बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. ती अशी का वागली, त्याने ते पत्र फाडायलाच नको होतं, एकमेकींचं बोलणं तोडून बोलत होत्या. बाईंनी विचारलं, एकदा छत्री माझ्या माशावर का धरलीत? माई म्हणाल्या, त्या पुस्तकात फार रडारड होती गं, म्हटलं बिचारी भिजली असेल. बाई हसल्या. इतकं हसताना मी त्यांना चाळीत कधी बघितलं नव्हतं. परबांना झोप लागलेली, पेढे सामंतांनीच वाटले.

निघताना माईंनी बाईंचा हात धरला. म्हणाल्या, डॉक्टर सांगतो भिंगसुद्धा आता फार दिवस पुरणार नाही. हा वाचून दाखवतो, पण कोर्टात पुकारा केल्यासारखा वाचतो. आतली खोली तशी रिकामीच असते.  आणि बदलापूरला गेला तो फक्त एक फोन, भाच्याला, की मावशी येत नाही.

लोक बोलले थोडे दिवस, बोलणारच, परक्या घरी जाऊन राहिली म्हणून. माई खिडकीतून ऐकू जाईल असं म्हणाल्या, परकी कसली, माझी वाचणारी आहे. चाळ आता पडली, पत्रे लागलेत, खड्डा खणतायत. वाचनालय शाळेच्या खोलीत, पंखा एकच, पण तो माझ्याच डोक्यावर आहे. दर शनिवारी पुस्तकं मीच हिंदमाताला नेऊन देते, तेवढंच बाईंशी बोलणं होतं. माईंना आता अजिबात दिसत नाही. बाई वाचतात, माई ऐकतात आणि लेखकाला शिव्या घालतात. खूण दोघींची बाईच काढतात, वर छत्री, खाली मासा.

आणि परवा एक पुस्तक परत आलं, मी एकावन्न उघडलं, तर छत्री, मासा आणि तिसरं काहीतरी, वेडंवाकडं, पहिल्यांदाच काढल्यासारखं. चष्मा लावून बघितलं तर चहाचा कप. सामंत! चहा करता करता ऐकतात म्हणे आता, बाईंनी सांगितलं, मध्येच येऊन विचारतात मग पुढे काय झालं. वर्तमानपत्र बंद केलंय. मी परबांना म्हटलं, बघा हो, कप छत्रीच्या बाजूला काढला असता तर ठीक होतं, आईच्या बाजूला, पण हा काढलाय माशाच्या बाजूला, अगदी चिकटून. परब म्हणाले, शालू, गप बस, पुन्हा साडीला इस्त्री करायला लावशील बाईला. मी गप आहे. मी काही म्हणत नाही. देव सगळ्यांना सुखी ठेवो, माईंचे कान शाबूत ठेवो, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत तुमचंही भलं होवो. फक्त जाताना एकदा ते पान बघून जा आणि मला सांगा, चिकटूनच आहे ना?