गोदाकाकू नावाची बाई अस्तित्वात नाही

जबाब
दि. १८/११/२०२५, पोलीस चौकी, पुणे शहर

माझे नाव सत्यशीला समाधान हनवते, वय ४३ वर्षे, धंदा घरगुती चटण्या तयार करून विकणे, राहणार वाघोली, पुणे, मूळ राहणार तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. आडनाव हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले म्हणून मी दोनदा सांगितले आहे. कागदावर एकदाच लिहावे.

मला कोणी बोलावलेले नाही. माझे नाव फसवणुकीने बदलले अशी माझी तक्रार आहे म्हणून मी आपणहून चौकीत आले आहे आणि विचारल्यावरून सांगते ते पुढीलप्रमाणे.

मी वरील ठिकाणी पती समाधान व मुलगी मैत्री यांच्यासह राहते. पती सणसवाडी येथे कारखान्यात नोकरीस आहेत. मुलगी वाघोलीतच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी जवसाची, कारळ्याची आणि लसूण-खोबऱ्याची अशा तीन चटण्या करते. पूर्वी सोसायटीत व ओळखीत विकत होते. दोन वर्षांपूर्वी मुलीने इन्स्टाग्रामवर 'हनवते यांच्या चटण्या' या नावाने पेज काढून दिले. पेजवर माझा फोटो होता. फोटोत मी खलबत्त्यापाशी बसलेली आहे आणि हसत नाही, कारण मिरची कुटताना कोणी हसत नाही.

यंदा उन्हाळ्यात छोट्या ऑनलाइन धंद्याची जाहिरात कशी करावी याचा एक वर्ग बुधवार पेठेत होता. मी व मैत्री दोघी गेलो. शिकवणाऱ्यांचे नाव दिग्विजय. पूर्ण नाव काय असे हवालदारसाहेबांनी विचारले. मला माहीत नाही. त्यांच्या कार्डावर 'दिग्विजय सर' एवढेच छापलेले आहे. मी आडनाव कधी विचारले नाही. ज्याच्याकडून शिकायचे त्याचे आडनाव विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

त्यांनी शिकवले ते असे. फोटो सकाळी खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइटखाली चटणी मातीसारखी दिसते. दहा गोष्टी सांगू नका, एकच सांगा, पण रोज सांगा. कोणी चौकशी केली की लगेच उत्तर द्या, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. भाव पाडून विकू नका. पहिल्या ऑर्डरबरोबर दुसऱ्या चटणीची पुडी फुकट घाला. जुन्या गिऱ्हाइकाला त्याच्याच शब्दांत दोन ओळी लिहायला सांगा, आपण लिहिलेले कौतुक लगेच ओळखू येते. हे सगळे मी केले आणि ऑर्डर वाढल्या. हे लिहायची गरज नाही, मुद्द्याचे बोला, असे हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा. माणूस सगळाच खोटा असता तर मी त्याच्या हातात पेज दिले नसते.

त्यानंतर दिग्विजय यांनी सांगितले की, मॅडम, तुम्ही चटणी करा, पेज आणि पॅकिंग आम्ही बघतो. पेजचा पासवर्ड मैत्रीने माझ्या सांगण्यावरून त्यांना दिला. तेव्हापासून मी बिनलेबलाची पाकिटे त्यांच्या बुधवार पेठेतील ऑफिसात पोचवत होते. लेबल लावून कुरिअर करणे हे काम तिथे होत असे. ऑर्डर इतक्या आल्या की मी मदतीला शेजारच्या शकूताईंना घेतले. मला वाटले, फोटो खिडकीपाशी काढल्याचा गुण आहे. पेज मी स्वतः बघत नव्हते. मैत्री बघत होती.

मागच्या महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारले, "गोदाकाकू आहेत का?"

मी म्हटले, "राँग नंबर."

"राँग कसा असेल? पाकिटावर हाच छापलाय. मला फक्त एवढंच विचारायचंय, सोवळ्यात लसूण कधीपासून चालायला लागला?"

मी म्हटले, "ताई, ती लसणाचीच चटणी आहे. लसूण नको तर काय घालू?"

"मग वर 'सोवळ्यातली चव' कशाला लिहिलंत?"

"मी लिहिलेलं नाही."

"आपण कोण बोलताय?"

"सत्यशीला हनवते. चटणी मी करते."

त्या म्हणाल्या, "हनवते का. बरं. चटणी चांगली होती हो." आणि फोन ठेवला. 'होती' असे म्हणाल्या. पाकीट त्यांच्या घरातच होते आणि चटणी संपलेली नव्हती, तरी ती एका मिनिटात 'होती' झाली. हा शब्द मला अजून टोचतो आहे. हवालदारसाहेबांनी तो लिहून घेतला याबद्दल आभार.

मी मैत्रीकडून मोबाइल घेतला आणि पेज उघडले. माझे पेज, माझीच गिऱ्हाइके, परंतु वर नाव 'गोदाकाकूंचं सोवळं'. खाली पत्ता म्हणून 'पुणे ३०', म्हणजे जुन्या पेठांकडचा पिनकोड. मी वाघोलीत राहते. वाघोली पुणे ३० मध्ये कधी गेली हे महापालिकेलाही माहीत नसावे. माझा फोटो काढून टाकलेला होता. त्या जागी नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, गोरीपान म्हातारी जात्यावर बसलेली होती. तो फोटो कॉम्प्युटरने तयार केलेला आहे. त्या जात्याला खुंटा नाही. बाई जाते कशाला धरून फिरवते आहे हे फोटो करणाऱ्याला सुचले नाही. माझा अन्न परवाना असल्यामुळे पाकिटावर फोन नंबर तेवढा माझा ठेवला होता, तोही बारीक अक्षरात. शिव्या खायला नंबर माझा आणि कौतुक घ्यायला गोदाकाकू, अशी व्यवस्था होती.

फोन करणाऱ्या त्या बाईंनी पेजवर सगळा प्रकार लिहिला. खाली लोकांनी 'फसवणूक', 'आमच्या देवघराशेजारी ठेवली होती', असे बरेच काही लिहिले. पाकिटे परत येऊ लागली. एक पाकीट अर्धे खाऊन परत आले. अर्धी चटणी पोटात गेल्यावर त्यांना फसवणूक समजली. एकाने मात्र लिहिले, "आडनाव काही का असेना, खोटं का बोललात?" बाकीच्यांचा मला राग आला, या माणसाचा आला नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. उत्तर द्यायला मी गेले तर पेजमध्ये मला शिरता येईना, पासवर्ड बदललेला होता. मी आयुष्यात एका दाण्याची भेसळ केली नाही आणि सगळ्या गावात खोटारडी ठरले.

मी त्याच दिवशी बुधवार पेठेत दिग्विजय यांच्या ऑफिसात गेले. मैत्री सोबत होती. मी विचारले, माझे नाव का काढले. त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी मागवले. मी पाणी घेतले नाही.

ते म्हणाले, "मॅडम, लोक चटणी नाही विकत घेत, विश्वास विकत घेतात."

मी म्हटले, "कोणावर? जी बाई नाहीच तिच्यावर?"

"तुम्ही इमोशनल होताय. यात पर्सनल काहीच नाही. हे फक्त पोझिशनिंग आहे."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चटणी तीच, चटणीचा फोटो तोच, भाव तोच ठेवून त्यांनी दोन जाहिराती एकाच वेळी चालवल्या होत्या. एक हनवते या नावाने, एक गोदाकाकू या नावाने. त्याचा आलेख होता. गोदाकाकूंची रेघ वर जात होती, माझी रेघ जमिनीला चिकटून होती. ते म्हणाले, "बघा, डेटा खोटं बोलत नाही." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात तसे समजावून बोलत होते. आलेख खरा होता, मी नीट बघितला. आणि मला सांगायचे ते हे की, तो खोटा असता तर मला इतका राग आला नसता. या शहरात कोण कोणाच्या हातचे खाते हे मला त्यांच्या लॅपटॉपवरून कळायची गरज नव्हती. मी इथे वीस वर्षे राहते आहे. भाड्याने घर बघताना खोल्या दाखवून झाल्यावर "आडनाव काय म्हणालात?" असे विचारतात आणि मग मालकांचा पुतण्या गावाहून राहायला येणार असतो. असे तीन पुतणे मला माहीत आहेत.

मी पेज परत मागितले. ते म्हणाले, नाव, फोटो, डिझाइन त्यांच्या मेहनतीचे आहे, पेज गोदाकाकू या नावानेच राहील, वातावरण शांत झाले की लसूण काढून नवी चटणी आणू, तुम्ही करत असाल तर तुम्ही करा, नाहीतर करणाऱ्या खूप आहेत. वर असेही म्हणाले की, "मी तुमचा फायदाच केला. मनात ठेवू नका." मी म्हटले, मनात ठेवणार नाही, कागदावर ठेवते. म्हणून आज इथे आले आहे.

माझे पती म्हणाले, "काहून वाढवून राहिली? आपण भायेरचे लोकं." मी त्यांना म्हटले, वीस वर्षांत बाहेरचे राहिलो ते असेच गप्प बसून. त्यांची आज कारखान्यात पाळी आहे, म्हणून ते आलेले नाहीत. पाळी नसती तरी आले असते का, हे मला सांगता येणार नाही.

यात तुमचे नुकसान काय, धंदा तर वाढलाच होता, असे हवालदारसाहेबांनी विचारले. विचारण्यात वाकडे काही नव्हते, म्हणून सरळ उत्तर देते. नुकसान पुढीलप्रमाणे.

मैत्रीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. ऑफिसातून परतताना तिने बसमध्ये मला सांगितले. मी विचारले, बोलली का नाहीस. ती म्हणाली, "आई, ऑर्डर येत होत्या ना. तू खूश होतीस." मी खूश होते हे खरे आहे. पुढे तिने सांगितले की, ती नोकरीसाठी कंपन्यांना अर्ज पाठवत होती आणि कोणाकडून उत्तर येत नव्हते. गोदाकाकूंचे चालते आहे हे बघून तिनेही करून पाहिले. अर्जावरून आडनाव काढून फक्त 'मैत्री एस.' असे ठेवले. मार्क तेच, कॉलेज तेच, फोटो तोच. ती म्हणाली, "आई, दोन ठिकाणांहून फोन आले. सर म्हणाले तसंच झालं."

मी तिच्यावर ओरडले नाही. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, गावातली नेमून दिलेली कामे सोडली आणि त्यापायी दोन वर्षे उपाशी काढली, पण नाव सांगताना मान खाली घातली नाही, हे मी तिला लहानपणापासून सांगत आले. दिग्विजय यांनी एका आलेखात ते सगळे पुसून टाकले. पेज गेले तर मी दुसरे काढीन. माझ्या पोरीला मीच नेऊन त्या वर्गात बसवले आणि तिथे ती हे शिकली. याला कोणते कलम लागते असे मी विचारले. साहेबांना विचारून सांगतो, असे हवालदारसाहेब म्हणाले. अजून सांगितलेले नाही.

पेजचे आधीचे व नंतरचे फोटो मैत्रीच्या मोबाइलमध्ये असल्याने तिला बाहेरच्या बाकावरून आत बोलावण्यात आले. तिने फोटो दाखवले. हवालदारसाहेबांनी तिला नाव विचारले. तिने "मैत्री समाधान" असे सांगितले आणि थांबली. हवालदारसाहेबांनी "पुढे?" असे विचारले. मी तिच्याकडे बघितले नाही, टेबलाकडे बघत होते. तिने "हनवते" असे सांगितले. आवाज बारीक होता म्हणून हवालदारसाहेबांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले, ते बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू गेले.

तरी माझी मागणी अशी की, माझे पेज माझ्या नावासह मला परत मिळावे, गोदाकाकू या नावाची बाई नाही व नव्हती हे दिग्विजय यांनी त्याच पेजवर स्वतः लिहावे, आणि माझे नाव मला न विचारता बदलल्याबद्दल त्यांच्यावर कायद्याने जी कारवाई होते ती व्हावी. आपसात मिटवायची माझी तयारी नाही.

हा जबाब वाचून दाखवू का असे विचारले असता, मला वाचता येते असे सांगून मी स्वतः दोनदा वाचला. पहिल्या पानावर 'गैरसमजातून' असा शब्द मी न सांगता आला होता. तो खोडून 'फसवणुकीने' असे लिहून घेतले आहे आणि खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मुलीचे पूर्ण नाव मी सांगितलेले नाही, तिने सांगितले तसे लिहिलेले आहे.

जबाब देणार
(सही) सत्यशीला समाधान हनवते