अन्वीनं हात दिलाच नाही

अरे, माझी फजिती ऐका न! घरी बुद्धिबळात हरायला लागलो की मी हात पुढे करतो अन् म्हणतो, "चलो, बराबरी!" माझ्या दहा वर्षांच्या अन्वीला ही लबाडी पाठ झाली आहे.

परवा गोरखपूरच्या स्पर्धेत तिच्यासमोर चक्क इंटरनॅशनल मास्टर! हिनं त्याचा वजीर मारला, तसा त्यानं हसून हात पुढे केला. पोरीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"अंकल, मैं बराबरी नहीं करूँगी."

"अरे बेटा, मैं हार गया हूँ!"

सारा हॉल हसून राहिला होता. मी नाचतच तिच्यापाशी गेलो, शाबासकीसाठी हात पुढे केला.

हिचे हात पुन्हा पाठीमागे.

"बाबा, पहिले म्हणा, घरचा डाव तुम्ही हरले!"